खबर ना

बाबा तख्त्या करायचे, फणसाच्या लाकडाच्या.
वर मूठ, मुठीला भोक, भोकात सुतळी.
पंधरा तख्त्या डोक्यावर घेऊन मी जायचो
डिचोलीच्या बाजारामागे, खैरूनबी मुल्लांकडे,
आणि पैसे हातात पडले तरी निघायचो नाही.

त्यांच्या खिडकीला शिंपल्यांची तावदानं.
आतली मुलं दुधात बुडाल्यासारखी दिसायची,
डोलणारी. आवाज मात्र स्वच्छ.
खाली बिमलीचं झाड, बुंध्याशी मी.

बाई आधी अक्षर शिकवत नसत.
आधी हात धुणं. मग तख्ती धुणं, मुलतानी मातीनं.
मग गप्प बसणं, म्हणजे नुसतं तोंड मिटणं नव्हे.
आठवडाभर एवढंच. मोइदीन कंटाळून रडला
तर म्हणाल्या, रडायचं तर हळू रड,
शेजारी रात्रपाळीचा माणूस झोपलाय.

तख्त्यांचं पाणी गटारात जायचं नाही.
त्यात नाव विरघळलेलं, पाय पडता कामा नये,
म्हणून ते बिमलीच्या मुळाशी.
त्या बिमल्या मी मीठ लावून खाल्ल्या.
अलिफ वाचता येण्याआधी
मला आंबट लागला.

एके दिवशी खिडकी उघडली.
पळालो असतो, पण पायाला मुंग्या आलेल्या.
घाबरून तोंडातून निघालं ते असं:
बाई, खिडकीखालून ऐकलेलं चोरीचं होतं?
त्या बराच वेळ माझ्याकडे नाही, झाडाकडे बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, म्हाका खबर ना.

मोठं माणूस असं म्हणतं
हे मी पहिल्यांदा ऐकलं.
आमच्या शाळेत गुरुजींना सगळं माहीत असायचं,
नाईल कुठे उगम पावते
आणि कोणाच्या बापाची कुठे उधारी.

शनिवारी बाई बसनं फोंड्याला गेल्या,
हाफिज इनायत आगांना विचारायला.
आगा म्हणाले, मला ठाऊक नाही.
त्यांनी सावनूरला आपल्या उस्तादांना पत्र घातलं.
उस्तादांनी उलट टपाली कळवलं: विचार करतो.
पाऊस गेला. भात कापून झालं.
मी प्रश्न विसरलो, कबड्डीत माझा दात पडला,
आणि प्रश्न तिकडे घाट चढत होता.

उत्तर आलं ते उस्तादांचंही नव्हतं.
त्यांच्या बहिणीचं, बतूलबींचं.
भावाचे धडे पडद्याआडून ऐकत
त्या भावाच्या पुढे निघून गेलेल्या.
कार्डावर दोनच ओळी:
पोराला आत घ्या.
चोरी झालीच असेल तर ती खिडकी लावून घेणाऱ्याची.

बाईंनी ते दारात उभं राहून वाचलं, मोठ्यानं.
म्हणाल्या, हे मला इथे बसून कळायला हवं होतं.
मोइदीन सरकला. चटईवर
एका ढुंगणापुरती जागा झाली.

मी आलिम वगैरे झालो नाही. दारं करतो.
गेल्या साली एक बिल्डर म्हणाला,
च्यारी, पावतीवर सागवान लिही.
लाकूड कसलं ते दोघांनाही माहीत.
माहीत असून गिळायचं,
त्याला 'खबर ना' म्हणत नाहीत.
तेवढं शिकलो होतो. काम गेलं.
त्या महिन्यात बायको नीट बोलली नाही,
तिचंही खोटं नव्हतं.

हाताखालचा पोरगा विचारतो,
मेस्त, ही गोष्ट खरी कशावरून?
मी रंधा बाजूला ठेवतो, हात पुसतो, सांगतो:
मी खैरूनबींकडून ऐकलं,
त्यांनी इनायत आगांकडून,
आगांनी सावनूरच्या उस्तादांकडून,
उस्तादांनी बतूलबींकडून.

उस्तादांचं नाव काय?

बाईंनी सांगितलं होतं. दोनदा.
म्हाका खबर ना.
पुढे कुणाला सांगशील
तर हेही सांग,
की इथे एक नाव होतं
आणि ते मी हरवलं.